'आदिवासी लघुपट' म्हणजे कोणाचा?

शहाद्याहून एका वाचकाने विचारलं आहे : "सातपुड्यातल्या मुलामुलींनी स्वतः केलेल्या शॉर्टफिल्म दाखवायचा कार्यक्रम आम्ही मित्रमंडळी ठरवतो आहोत. पत्रिकेवर काय छापावं? 'आदिवासी लघुपट', 'आदिवासींचे लघुपट' की 'आदिवासी जीवनावरील लघुपट'? आणि पदरचे पैसे घालून फिल्म करणाऱ्यांना 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हटलेलं चालेल का?"

'आदिवासी जीवनावरील' हे आधी बाजूला ठेवा. मराठीत ज्याच्या'वर' लिहिलं-बोललं जातं ते लिहिणाऱ्याच्या बाहेर असतं. गाईवर निबंध, दुष्काळावर व्याख्यान. धडगावच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी आजीने सांगितलेली गोष्ट कॅमेऱ्यात आणते, तेव्हा ती 'आदिवासी जीवनावर' काही करत नसते. आजीची गोष्ट करत असते. पुण्यातल्या मुलाने आपल्या वाड्यातल्या भाडेकरूंची फिल्म केली तर तिला 'मराठी जीवनावरील लघुपट' असं कोणी म्हणणार नाही. मग धडगावच्याच मुलीच्या कामाला हा 'वर' का चिकटावा? बाहेरून येऊन केलेल्या कामाला हा शब्द अगदी योग्य आहे, आणि त्यात कमीपणाही नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी-अक्कलकुव्याची तेहतीस गावं आली, त्या धरणाविरुद्धच्या लढ्यावर १९९० च्या दशकात बाहेरच्या दिग्दर्शकांनी मोलाचे माहितीपट केले. ते नर्मदेच्या खोऱ्यावरचेच माहितीपट होते. तुमच्या कार्यक्रमातल्या फिल्म तशा नाहीत, म्हणून तिथे हा शब्द नको.

'आदिवासींचे लघुपट' यात अडचण वेगळी आहे, आणि ती व्याकरणाची आहे. आपली षष्ठी फार पोटात घालते. 'रविवर्म्याचं चित्र' म्हटलं तर ते त्याने काढलेलं. 'शिवाजी महाराजांचं चित्र' म्हटलं तर त्यात महाराज दिसतात. 'काकांचं चित्र' म्हटलं तर काकांनी काढलेलं, काका बसलेले दिसतात ते, किंवा काकांनी विकत घेऊन भिंतीवर लावलेलं, यांतलं कोणतंही. करणारा, दिसणारा आणि मालक, तिघांना एकच 'चा-ची-चे'. अहिराणीचा 'ना-नी-नं' याला अपवाद नाही. "हाऊ पिच्चर कोना शे?" असं जळगाव-धुळ्याच्या बाजारात विचारलं तर उत्तरात नटाचं नाव येईल, दिग्दर्शकाचं येईल किंवा थिएटरवाल्याचंही. 'आदिवासीस्ना पिच्चर' म्हटल्यावरही नेमकं हेच होईल.

एरवी संदर्भाने अर्थ लागतो आणि भागून जातं. इथे भागत नाही, कारण या तीन अर्थांमधलं अंतर हाच साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. आदिवासी पडद्यावर दिसतात अशी कामं पुष्कळ. कॅमेऱ्यामागे आदिवासी आहे अशी कामं थोडी. आणि तयार झालेली फिल्म ज्या गावाची आहे त्या गावाच्या मालकीची राहिली, अशी त्याहून थोडी. म्हणून षष्ठी सोडा आणि क्रियापद घाला : 'आदिवासी मुलामुलींनी केलेले लघुपट'. तृतीयेत करणारा लपत नाही.

न्यूझीलंडचे माओरी दिग्दर्शक बॅरी बार्कली यांनी २००२ साली 'चौथा सिनेमा' अशी संज्ञा मांडली. हॉलिवूडचा पहिला, कलात्मक सिनेमा दुसरा, तिसऱ्या जगाचा तिसरा आणि मूळ रहिवाशांचा स्वतःचा चौथा. त्यांनी फरक सांगितला तो असा : एक कॅमेरा येणाऱ्या जहाजाच्या डेकवर असतो, दुसरा किनाऱ्यावर. डेकवरून बेटावरची माणसं दिसतात. किनाऱ्यावरून जहाज येताना दिसतं. मला वाटतं, आपला 'वरचा' आणि 'नी केलेला' यांतला फरक याहून नेमका कोणी सांगितलेला नाही.

सातपुड्यात हे तपासून पाहायचं तर काठी गावची राजवाडी होळी घ्या. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या नाचतात, आणि बाहेरून आलेले कॅमेरे त्या टोपांवर खिळतात. साहजिक आहे, दृश्यच तसं आहे. पण बावा-बुध्या होणारा माणूस आधी पालनी पाळतो, बरेच दिवस नेमाने राहतो. ज्याच्या घरात पालनी पाळली गेली आहे तो मुलगा फिल्म करायला बसला तर ती होळीच्या रात्री सुरू होणार नाही, कितीतरी आधी सुरू होईल. गावात बाहेरच्या लोकांबद्दल "शूटिंग घेऊन गेले" असं म्हणतात. त्यातलं 'घेऊन गेले' हे ऐकण्यासारखं आहे.

आता 'आदिवासी लघुपट'. याला माझी हरकत नाही, उलट हाच शब्द रुळावा असं वाटतं. 'मराठी चित्रपट' म्हणजे मराठी माणसांवरचा चित्रपट असा अर्थ आपण कधी घेत नाही. मराठी भाषेत, मराठी माणसांनी केलेला असा घेतो. तोच मान 'आदिवासी लघुपट' या जोडीला मिळावा. अट एवढीच की करणारे आदिवासी असतील तिथेच तो वापरावा. झारखंडचे उराँव दिग्दर्शक बिजू टोप्पो यांचं काम आदिवासी सिनेमा म्हणून ओळखलं जातं ते याच अर्थाने.

शक्य तिथे मात्र आणखी नेमकं व्हा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या घरात होती, पण त्यांची भाषा एक नाही. पावरी, भिली, मावची, देहवाली, कोकणी, किती तरी. प्रत्येक फिल्मच्या नावाखाली 'पावरी लघुपट, मराठी सबटायटलसह' असं छापा. कॅनडाचे इनुइट दिग्दर्शक झकारियास कुनुक यांच्या ज्या चित्रपटाला २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं कॅमेरा द'ओर पारितोषिक मिळालं, तो इनुक्टिटुट भाषेतला होता, आणि जगभर तो तसाच सांगितला जातो. पावरीलाही हे मिळायला हवं. 'बोलीभाषेतील लघुपट' असं मोघम नको. जिला नाव आहे तिला नावाने हाक मारावी.

कोणी 'मूलनिवासी' सुचवलं तर टाळा. महाराष्ट्रात त्या शब्दाला बहुजन चळवळीतला वेगळा, जास्त विस्तृत अर्थ आहे. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडांनी ज्या शब्दाचा आग्रह धरला तो 'आदिवासी'. घटनेत 'अनुसूचित जमाती' आलं, पण ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारच्या रस्त्यावर लोक स्वतःला जे म्हणवतात ते आदिवासीच.

'लघुपट' की 'शॉर्टफिल्म' याचा फार विचार करू नका, दोन्ही चालतील. फक्त 'लघुपट' आणि 'माहितीपट' यांची गल्लत टाळा. पहिला लांबीवरून ठरतो (ऑस्करच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंत), दुसरा प्रकारावरून. दहा मिनिटांचा माहितीपट हा लघुपटही असतो.

'स्वतंत्र दिग्दर्शक' मात्र मराठीत नीट बसत नाही. आपल्याकडे 'स्वतंत्र कथा' म्हणजे अनुवादित नसलेली आणि 'स्वतंत्र खोली' म्हणजे वेगळी. कोणत्याही निर्मितीसंस्थेच्या पैशाशिवाय, हा अर्थ त्या शब्दातून आपोआप निघत नाही. शहरात समीक्षा वाचणाऱ्यांना तो कळेल, तुमच्या प्रेक्षकाला अडखळवेल. 'स्वबळावर केलेल्या फिल्म' किंवा 'पदरच्या पैशांनी केलेल्या फिल्म' असं लिहा. तुमच्याच पत्रातला 'पदरचे पैसे' हा शब्द उत्तम आहे, कारण मेमरी कार्ड, भाड्याचा माईक, धडगाव ते शहादा गाडीभाडं हे सगळं खरोखर त्या पदरातूनच गेलेलं असतं.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रिकेचा मजकूर जुळवताना लागेल म्हणून सांगतो. अशा कार्यक्रमांत 'आदिवासी कलावंतांना प्रोत्साहन' हे वाक्य हमखास येतं. प्रोत्साहन शिकाऊ माणसाला देतात. ज्याने फिल्म पुरी करून आणली आहे त्याला तिचा मोबदला देतात. 'मानधन' शब्दातही मान पुढे आणि धन मागे राहतं, आणि पुष्कळदा धन येतच नाही; "प्रसिद्धी तर मिळाली ना" असं ऐकवलं जातं. तेव्हा 'प्रदर्शनाचा मोबदला' असे दोन शब्द वापरा आणि रक्कम दिग्दर्शकाला आधी कळवा. श्रेयनामावलीत ज्या आजीने गोष्ट सांगितली तिचं नाव 'सहकार्य' या गठ्ठ्यात टाकू नका. 'कथा' या ओळीत घाला.

प्रवेशासाठी 'देणगी प्रवेशिका' छापायचा विचार असेल तर तो बदला. देणगीत देणारा मोठा होतो. 'तिकीट' छापा, किंमत तीस रुपये असली तरी. आणि त्याखाली एक ओळ लिहा : 'तिकिटाचे पैसे दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांच्या दिग्दर्शकांमध्ये सारखे वाटले जातील.'