तिसऱ्या रात्रीचं कुणी सांगत नाही

प्रश्न: मला नववा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण आहे, माहेरी आलेय. तालुक्याचं सरकारी रुग्णालय घरापासून पाऊण तासावर. कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं? कधी निघायचं? पुढे काय काय होतं? आत्या म्हणते, पहिला चीक पिळून टाक आणि बाळाला मध चाटव. – एक पहिलटकरीण, सांगली जिल्हा

उत्तर: आधी आत्यांचं उरकते. चीक टाकायचा नाही, तो बाळाचा पहिला डोस समज. चमचाभरच येतो आणि बाळाला तेवढा पुरतो. पहिल्या तासातच अंगावर घे. मध मात्र वर्षभर नाही. त्यातल्या जंतूंचं तान्ह्याच्या आतड्यात विष होऊ शकतं.

आता कळा. कूस बदलली, चार पावलं चाललीस आणि थांबल्या, तर खोट्या. खऱ्या सहसा कमरेतून निघून ओटीपोटात येतात आणि वाढतच जातात. घड्याळ घेऊन बस. एरवी पहिलटकरणीला आम्ही सांगतो, दर पाच मिनिटांनी, मिनिटभराची, अशा तासभर आल्या की या. तुझा रस्ता लांबचा, तू त्याआधीच नीघ. पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र कळांची वाट बघायची नाही. 102 किंवा 108 ला फोन कर. सरकारीत नेणं-आणणं, बाळंतपण, सिझर लागलं तर तेही फुकट असतं.

तिथे सिस्टर तपासून ‘पिशवीचं तोंड दोनच बोटं उघडलंय’ म्हणतील. हिरमुसू नकोस. पहिल्या खेपेला बारा-अठरा तास सहज जातात. फेऱ्या मार, पाणी पी, लघवी तुंबवू नकोस. ‘आता जोर कर’ म्हणेपर्यंत जोर करायचा नाही. मी एकतीस वर्षं प्रसूती कक्षात काढली. आधीच जोर करून दमलेल्या पोरी ऐनवेळी गळपटताना पाहिल्यात. बाळ बाहेर आलं की मांडीत इंजेक्शन देतात, अर्ध्या तासाच्या आत वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, पडते. तेव्हा दात वाजेपर्यंत थरथर सुटली तर घाबरू नकोस, चादर माग.

हे सगळं कुणी ना कुणी सांगतंच. तिसऱ्या रात्रीचं सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, टाके ओढतात, बाळ तासातासाला उठतं. त्याचं वजनही थोडं घटलेलं असतं, की घरात कुजबुज सुरू: ‘हिला दूधच नाही.’ मी स्वतः सिस्टर, शेकडो बाळंतपणं केलेली. तरी माझ्या तिसऱ्या रात्री अळिवाची खीर जास्त गोड झाली म्हणून हमसून रडले. सासूबाई बिचाऱ्या वाटी हातात धरून उभ्या! ते रडू येतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, किंवा स्वतःचं-बाळाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही. दुधाचं माप रडण्यावरून काढू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात वेळा शू झाली की पोट भरतंय.

बाळाची पहिली शी डांबरासारखी काळी असते, ते बरोबरच. पण पहिल्या चोवीस तासांतच बाळाचं अंग पिवळं दिसलं, किंवा ते दूध ओढत नसेल, तर लगेच दाखवा. तुझं पॅड तासाभरात भिजलं, ताप आला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाचवीची पूजा राहू दे, गाडी बोलाव. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुरी अजिबात नको. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी.

राहिल्या आत्या. त्यांच्यावर रागावू नकोस. सरकारी रुग्णालयात कळांच्या वेळी घरची एक बाळंतपण झालेली बाई सोबत ठेवता येते. त्यांनाच ने. मधाची बाटली तेवढी घरी ठेवायला सांग. कंबर चोळायला त्यांच्यासारखा हात मिळायचा नाही.