'ब्लेड रनर'ची कोणती आवृत्ती आधी पाहावी?

हा विज्ञानपट पहिल्यांदाच बघत असाल तर सरळ २००७ची 'फायनल कट' लावा. १९८२ साली थिएटरात आलेल्या प्रतीत हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे. पडद्यावर दिसतंय तेच तो कंटाळलेल्या आवाजात सांगत बसतो. वर शेवटही गोड केलेला (त्यातली डोंगरांची दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग'च्या न वापरलेल्या फिल्ममधली!). १९९२च्या आवृत्तीत (आणि पुढे 'फायनल कट'मध्येही) हे दोन्ही गेलं, युनिकॉर्नचं स्वप्न आलं आणि रेप्लिकंटांची, म्हणजे कृत्रिम माणसांची, शिकार करणारा डेकार्ड (फोर्डची भूमिका) स्वतःच रेप्लिकंट आहे का, या वादाला जोर चढला. दिग्दर्शक रिडली स्कॉटचं उत्तर 'हो'. मला मात्र रेप्लिकंटांचा म्होरक्या झालेला रुटगर हाउअर शेवटी पावसात बोलायला लागला की डेकार्डची आठवणही राहत नाही. पटकथेतलं लांबलचक भाषण हाउअरनेच छाटलं. त्यातली 'पावसातले अश्रू' ही ओळ त्याचीच भर.