चुकलेलं बीपी, सलाईनचे थेंब आणि लालसर पाठ

प्रश्न : मी जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डात एका आजोबांचं बीपी मी 138/90 लिहिलं. लगेच सिस्टरांनी घेतलं तर 176/90. ठोके मला स्पष्ट ऐकू आले होते. मग चुकलं कुठे?

उत्तर : कान ठीक आहेत, कफ, म्हणजे दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा, कमी फुगवला गेला. काही रुग्णांत, विशेषतः वयस्कर आणि जुन्या बीपीवाल्यांत, ठोके वर सुरू होतात, मध्येच गप्प होतात आणि खाली पुन्हा उमटतात. या आजोबांचे ठोके 176 ला सुरू झाले, समजा 160 ला थांबले आणि 138 ला परत आले. तुम्ही कफ 150 पर्यंतच फुगवला असेल, तर तुम्ही थेट त्या शांततेत शिरलात आणि दुसऱ्यांदा सुरू झालेला ठोका पहिला समजून लिहिलात.

म्हणून स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी बोटं मनगटाच्या नाडीवर ठेवा. ठोके ऐकू येत नसले तरी त्या टप्प्यात नाडी बोटांना लागत असते, त्यामुळे बोटं फसत नाहीत. फुगवत जा. नाडी लागेनाशी होईल तो आकडा लक्षात ठेवा, हवा पूर्ण सोडा आणि मिनिटभर थांबा. आता स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या 30 वर फुगवा आणि सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या वेगाने सोडा. हवा भसकन सोडली की वरचा आकडा कमी येतो, खालचा जास्त. घाईच्या राउंडला सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच नाडीची पायरी, आणि गोंधळ होतो तो ती गाळल्यामुळेच.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी जास्त दिसतं. कफच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा साधारण 80 टक्के भाग व्यापायला हवी. हात खाली लोंबकळत असेल तरी जास्त येतं, म्हणून दंड छातीच्या पातळीवर टेकवा. कफची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर असावी. स्टेथोस्कोप कफखाली कोंबू नका. डायलचं उपकरण असेल तर काटा आधी शून्यावर आहे का ते बघा. आणि वाचायचं ते 2 च्या पटीत, कारण पट्टीवर रेघाच तशा असतात. अख्ख्या वॉर्डाचं बीपी 120/80 लिहिलेला चार्ट दिसला, की कोणी कफ बांधलाच नव्हता हे जुन्या सिस्टर लांबूनच ओळखतात.

प्रश्न : 500 मिली सलाईन 6 तासांत द्यायचं. माझं उत्तर मिनिटाला 28 थेंब, मैत्रिणीचं 83. बरोबर कोणाचं?

उत्तर : दोघींचंही. तुम्ही दोघींनी वेगवेगळे सेट, म्हणजे सलाईनच्या नळ्या, धरलेत. मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. साध्या सेटमधून 1 मिलीचे 20 थेंब पडत असतील तर 500 × 20 ÷ 360, म्हणजे 27.8, आपण 28 धरतो. बारीक थेंबांच्या मायक्रोसेटमध्ये 1 मिलीचे 60 थेंब, म्हणून 83. पण साधे सेटही सगळे सारखे नसतात, काहींत 15 थेंब असतात आणि मग उत्तर 21 येतं. त्यामुळे पाठ केलेल्या आकड्यावर न जाता सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचा.

मोजायचं पूर्ण एक मिनिट, घड्याळ ड्रिप चेंबरशेजारी, म्हणजे थेंब पडताना दिसतात त्या पारदर्शक नळकांड्याशेजारी, धरून. चेंबर अर्ध्याहून जास्त भरलं असेल तर थेंब दिसत नाहीत. रुग्णाने हात वाकवला, खाट खालीवर झाली, की वेग बदलतो. एकदा लावून विसरायचं नाही. बाटलीवर उभी पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा करा. सलाईन मागे पडलं तर नळीवरचं वेग बदलायचं चाक (रोलर) मोकळं सोडून भरपाई करू नका, सिस्टरांना सांगा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला असं घाईने गेलेलं पाणी धाप लावू शकतं. सुईजवळ सूज आणि गार स्पर्श असेल तर सलाईन शिरेबाहेर जातंय. लाल, गरम, दुखरी रेघ दिसली तर शीर सुजली आहे. दोन्ही वेळा आधी थेंब बंद करा, मग सिस्टरांना हाक मारा.

प्रश्न : अंथरुणाला खिळलेल्या आजींची पाठ कमरेखाली लाल झाली आहे. नातेवाईक म्हणतात, स्पिरिट लावून चोळा. चोळू का?

उत्तर : नको. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल जागा चोळली की आधीच चेंगरलेल्या पेशी आणखी फाटतात. पाठीची निगा राखायच्या (बॅक केअर) ट्रेमध्ये स्पिरिटची बाटली दिसते म्हणून ती लाल जागेला चालते असं नाही.

लाल जागेवर बोट दाबून उचला. पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. दाब काढला की बहुधा निवळते. तशीच लाल राहिली तर दाबाने होणाऱ्या जखमेची (बेडसोर) पहिली पायरी सुरू झाली, लगेच सांगा आणि लिहून ठेवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे शेजारच्या जागेशी ताडून पाहा, गरम किंवा कडक लागते का.

दर दोन तासांनी कूस बदला, पण रुग्णाला पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन 30 अंशांत टेकवा, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. वर सरकवताना ओढू नका. दोघींनी ड्रॉ शीट, म्हणजे रुग्णाखालची आडवी चादर, धरून उचला. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज नकोत, पोटरीखाली उशी घाला म्हणजे टाच अधांतरी राहते. रबरी रिंगही नको, तिच्या कडेने भोवतालचं रक्त अडतं. आणि चार्टवर ‘पोझिशन बदलली’ एवढंच न लिहिता वेळ आणि कूस लिहा : ‘दुपारी 2, डावी’.