वाचकांचे प्रश्न : हिंदी चित्रपटांतले काश्मीर

हिंदी चित्रपटांच्या काश्मीरमधील चित्रीकरणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत. ज्या पत्रांचा आशय सारखा होता, त्यांचा एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : साठच्या दशकातले रंगीत चित्रपट पाहताना काश्मीर वारंवार समोर येते. नैनिताल, शिमला, दार्जिलिंग ही ठिकाणेही तेव्हा होतीच. मग निर्मात्यांना काश्मीरचीच एवढी ओढ का होती? निव्वळ निसर्गसौंदर्य हे कारण मला पुरेसे वाटत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सौंदर्य तर होतेच, पण त्यामागे काही अगदी व्यावहारिक कारणेही होती आणि त्यांतले सर्वांत मोठे कारण पावसाचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत बाह्यचित्रीकरण जवळजवळ ठप्प होते. नैनिताल आणि दार्जिलिंग ही दोन्ही ठिकाणे मोसमी पावसाच्या ऐन वाटेवर आहेत. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये धुके उतरले की अख्खे युनिट हॉटेलात बसून राहते. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेला मात्र पीर पंजालची रांग आडवी उभी आहे आणि मोसमी वाऱ्यांचा बराचसा जोर तिच्यावरच ओसरतो. मुंबईत जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, त्याचा सरासरी दहावा हिस्साही श्रीनगरमध्ये त्या महिन्यात पडत नाही. म्हणजे मुंबईत काम बंद ठेवावे लागे नेमक्या त्याच दिवसांत काश्मीरमध्ये स्वच्छ ऊन मिळे, आणि कलाकारांच्या तारखा वाया जात नसत.

दुसरे कारण रंगाचे. १९६१ साली आलेला ‘जंगली’, १९६४ मधील ‘काश्मीर की कली’, १९६५ मधील ‘आरजू’ आणि ‘जब जब फूल खिले’ हे सगळे रंगीत चित्रपट होते. कृष्णधवल चित्रात दल सरोवराचे पाणी आणि त्यामागचा डोंगर हे करड्या रंगाच्या दोन छटा होऊन राहतात. रंग आल्यावरच शिकारा नावाच्या होडीचे लाल-पिवळे पडदे, देवदारांचा गडद हिरवा आणि चिनारांचा तांबूस रंग यांना पडद्यावर अर्थ आला. रंगीत कच्ची फिल्म परदेशातून आणावी लागे आणि त्या काळातील परकीय चलनाच्या टंचाईत ती जपून वापरावी लागे. साहजिकच, जेथे कॅमेरा कोणत्याही दिशेला वळवला तरी चौकट भरते आणि ऊनही बेभरवशाचे नाही, अशी जागा निर्मात्याला परवडत असे.

तिसरी सोय अंतरांची होती. श्रीनगरमध्ये मुक्काम ठेवला की सरोवर, निशात आणि शालिमार या मुघल बागा शहरालगतच मिळत; गुलमर्गची कुरणे सुमारे पन्नास, सोनमर्ग सुमारे ऐंशी आणि पहलगाम नव्वदच्या आसपास किलोमीटरवर. पाणी, बाग, कुरण, देवदारांचे वन आणि बर्फ इतक्या थोड्या प्रवासात एकत्र देणारा दुसरा प्रदेश तेव्हा भारतीय निर्मात्याच्या आवाक्यात नव्हता. शिवाय हाऊसबोटी आणि हॉटेले असल्याने शंभर माणसांच्या राहण्याजेवणाची ददात पडत नसे.

डोंगरात चित्रीकरण करणे म्हणजे काय जोखीम होती, हे ‘मधुमती’च्या उदाहरणावरून कळते. बिमल रॉय यांच्या या १९५८ सालच्या चित्रपटाचे नैनिताल परिसरात बरेच चित्रीकरण झाले. पण फिल्म धुतल्यावर त्यांतला मोठा भाग धूसर, निकामी निघाला. पुन्हा तेथे जाणे खर्चाचे होते, म्हणून आपल्या इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात, पाइनची खोटी झाडे रोवून नैनिताल उभे करण्यात आले. तेव्हा जागेवरच दृश्य तपासून पाहण्याचा मॉनिटर नव्हता. काय टिपले गेले आणि काय गेले नाही, हे युनिट परतल्यानंतर प्रयोगशाळेतच समजे.

प्रश्न : बर्फातील गाणी पाहताना नायिका झिरझिरीत साडीत आणि नायक स्वेटरमध्ये दिसतो. हे प्रत्यक्षात कसे चित्रित करतात? मी छायाचित्रणाचा अभ्यास करते, त्यामुळे तांत्रिक बाजूही समजून घ्यायला आवडेल. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नायिकेला थंडी वाजतेच, त्यात कसलीही जादू नसते. गाण्याचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित असतो, म्हणून दृश्ये काही सेकंदांच्या तुकड्यांत घेतली जातात. कॅमेरा थांबला की साहाय्यक धावत जाऊन तिच्या अंगावर शाल किंवा कोट टाकतात, हातात गरम पाणी देतात आणि पुढच्या तुकड्याआधी सगळे काढून घेतात. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून शॉटच्या आधी तोंडात बर्फाचा खडा धरण्याची जुनी युक्तीही आहे. पडद्यावर अत्यंत सहज दिसणाऱ्या त्या दोन ओळींमागे अभिनेत्रीचे कष्ट नायकापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांची दखल क्वचितच घेतली जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तांत्रिक बाजूने बर्फ फसवा असतो. प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्याच्या सांगण्यावर विसंबले तर शुभ्र बर्फ मळकट होतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. म्हणून छायालेखक प्रकाश चेहऱ्यावर मोजतो, किंवा बर्फावर मोजून एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवतो. बर्फावरून परतणारा प्रकाश हनुवटीखालून चेहऱ्यावर येतो. त्यामुळे डोळ्यांखालच्या सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा उजळ, कोवळा दिसतो. मैदानी भागात जे काम रिफ्लेक्टर धरून उभ्या राहणाऱ्या माणसांकडून करून घ्यावे लागते, ते येथे जमीनच करते. उंचीवरच्या हवेत अतिनील किरण जास्त असतात, त्यामुळे लांबचे डोंगर निळसर होतात. त्यासाठी भिंगावर फिल्टर लावतात. कडक थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून त्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायच्या. थंडगार कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला तर भिंगावर दव धरते, म्हणून तो पिशवीत बंद ठेवून सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पावलांची. कोऱ्या बर्फावर एकदा माणसे चालली की तो पट्टा गेला. दुसरा टेक घ्यायचा तर कॅमेरा हलवून नवा कोरा पट्टा शोधावा लागतो. म्हणून सर्वांत रुंद दृश्य आधी, मग मध्यम आणि शेवटी जवळचे चेहरे, हा क्रम सहसा मोडत नाहीत. युनिटची सगळी माणसे एकाच ठरलेल्या वाटेने, एकामागोमाग एक चालतात. आपण जेव्हा प्रथम बर्फात कॅमेरा घेऊन जाल, तेव्हा कुठे उभे राहायचे हे ठरवण्याआधी कुठे पाऊल टाकायचे नाही हे ठरवा.

प्रश्न : पहलगामजवळच्या ‘बेताब व्हॅली’चे नाव चित्रपटावरूनच पडले का? अशी आणखी कोणती ठिकाणे आहेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. राहुल रवैल यांचा ‘बेताब’ १९८३ साली आला आणि पहलगामहून चंदनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची, लिडर नदीच्या काठची हजन नावाची ही दरी चित्रपटाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गुलमर्गमधील एका हॉटेलाची झोपडी १९७३ च्या ‘बॉबी’मुळे ‘बॉबी हट’ म्हणूनच दाखवली जाते. ‘आप की कसम’मधील शिवशंकराचे गाणे जेथे चित्रित झाले, ते गुलमर्गच्या टेकडीवरचे डोगरा राजघराण्याने बांधलेले शिवमंदिर जून २०२४ मध्ये आगीत सापडून त्याचे फार नुकसान झाले. अलीकडच्या चित्रपटांपैकी ‘हायवे’च्या अखेरीस दिसते ते पहलगामच्या पुढचे आडू, ‘बजरंगी भाईजान’मधील कव्वाली ऐशमुकामच्या दर्ग्यातील आणि त्याच चित्रपटातील भारत-पाकिस्तान सीमेचा शेवटचा प्रसंग सोनमर्गजवळच्या थाजिवास हिमनदीच्या परिसरातील आहे.

प्रश्न : १९९० नंतर हे सगळे थांबले, तेव्हा निर्माते कुठे गेले? आणि आता खरोखर परत आले आहेत का? (एक वाचक, संभाजीनगर)

उत्तर : हिंसाचार सुरू झाल्यावर चित्रीकरण तर थांबलेच, पण खोऱ्यातील चित्रपटगृहेही बंद पडली, आणि या दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडे फार कमी चर्चा झाली. श्रीनगरच्या लाल चौकातील पॅलेडियमसारखे जुने चित्रपटगृह जळून नुसत्या भिंती उरल्या. ज्या प्रदेशाने हिंदी चित्रपटांना तीन दशके पार्श्वभूमी पुरवली, तेथील एका पूर्ण पिढीला मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहता आला नाही. याच काळात एक मोठे काम अपुरे राहिले. मुझफ्फर अली हे काश्मीरची कवयित्री हब्बा खातून हिच्यावर ‘जूनी’ हा चित्रपट करत होते. डिंपल कपाडिया त्यात मुख्य भूमिकेत होत्या आणि काश्मीरचे सगळे ऋतू त्यात यावेत अशी योजना होती. परिस्थिती बिघडल्याने तो पूर्ण होऊ शकला नाही. खोऱ्याच्या स्वतःच्या इतिहासावरचा एक भव्य हिंदी चित्रपट असा हातचा गेला, याची मला आजही हळहळ वाटते.

निर्माते दोन दिशांना गेले. एक वाट हिमाचलची, म्हणजे मनाली, सोलंग आणि रोहतांगची. १९९२ च्या ‘रोजा’ची कथा काश्मीरमध्ये घडते, पण त्यातले बर्फाळ डोंगर बरेचसे मनालीकडचे आहेत. दुसरी वाट स्वित्झर्लंडची. राज कपूर यांचा ‘संगम’ १९६४ मध्येच युरोपात जाऊन आला होता. यश चोप्रा यांनी १९८९ च्या ‘चांदनी’पासून आल्प्सला हिंदी प्रेमकथेचे दुसरे घर केले. इंटरलाकेन गावाने २०१६ मध्ये त्यांचा पुतळाही उभारला. पण याच यश चोप्रांनी १९७६ च्या ‘कभी कभी’साठी पहलगाम निवडले होते आणि आपल्या अखेरच्या चित्रपटासाठी, २०१२ च्या ‘जब तक है जान’साठी, ते पुन्हा काश्मीरमध्ये आले.

परतीचा ओघ साधारण तेव्हापासून वाढला. ऑगस्ट २०२१ मध्ये जम्मू-काश्मीरचे चित्रपट धोरण जाहीर झाले, सप्टेंबर २०२२ मध्ये श्रीनगरात मल्टिप्लेक्स सुरू झाले. त्यानंतर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात झालेल्या हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला आणि अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवावी लागली. त्यामुळे ‘परत आले’ असे ठामपणे म्हणण्यापेक्षा, निर्माते येतात, थांबतात आणि पुन्हा येतात, असे म्हणणे खरे ठरेल.

प्रश्न : इतक्या चित्रपटांत काश्मीर आहे, पण काश्मिरी माणूस कुठे आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या छोट्या प्रश्नात या विषयाचे मर्म आले आहे. साठच्या दशकातील ठरीव कथेत नायक मुंबई-दिल्लीहून येणारा पाहुणा असतो, आणि स्थानिक माणूस शिकारा वल्हवणारा, घोडा धरणारा किंवा फुले विकणारा असतो. ‘काश्मीर की कली’मधील फुलवाली नायिका आणि ‘जब जब फूल खिले’मधील हाऊसबोटवाला नायक या मध्यवर्ती भूमिका आहेत, हे खरे, पण त्या साकारल्या शर्मिला टागोर आणि शशी कपूर यांनी. त्यांची भाषा, घर, उपजीविका यांच्याकडे कथा वळते ती प्रेमकथेला रंग येण्यापुरतीच. हिवाळ्यातील खोरे तर जवळपास अनुपस्थितच आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारे ‘चिल्लई कलान’चे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, फेरनच्या म्हणजे सैल, लांब अंगरख्याच्या आत धरलेली कांगडी ही निखाऱ्यांची शेगडी, गोठलेले नळ, वाळवून ठेवलेल्या भाज्यांवर काढलेले दिवस, हे काश्मिरी माणसाचे वास्तव त्या रंगीत चित्रपटांच्या वाट्याला आले नाही, कारण बहुतेक युनिटे उन्हाळ्यात येत आणि परत जात.

पुढे हिंसाचाराच्या काळात चित्र उलटे झाले, तरी एकांगीपणा राहिलाच. फुलवाल्याच्या जागी अतिरेकी किंवा जवान आला आणि सामान्य माणूस पुन्हा पार्श्वभूमीला गेला. या बाबतीत विशाल भारद्वाज यांचा २०१४ चा ‘हैदर’ मला वेगळा वाटतो. त्याच्या सहलेखनात बशारत पीर हे काश्मिरी लेखक होते आणि श्रीनगरच्या गल्ल्या, घरांचे जिने, नदीकाठ यांना त्यात कथेचे वजन आहे. त्यातले एक गाणे मटणजवळच्या आठव्या शतकातील मार्तंड सूर्यमंदिराच्या भग्न चौथऱ्यावर घडते. त्या चित्रपटाच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद झाले आणि ते असू शकतात. पण त्यातले खोरे हे राहत्या माणसांचे खोरे आहे, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

प्रश्न : ही ठिकाणे पाहायची तर कोणत्या ऋतूत जावे? आमच्या महाविद्यालयीन गटाला एक लघुपटही करायचा आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : श्रीनगरच्या ट्यूलिप बागेसाठी मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, गुलमर्ग-पहलगामच्या हिरव्या कुरणांसाठी जून ते ऑगस्ट, तांबूस चिनारांसाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात आणि गुलमर्गच्या बर्फासाठी जानेवारी-फेब्रुवारी. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाल्यामुळे पूर्वी हिवाळ्यात तुटणारे ते गावही आता बाराही महिने गाठता येते. लघुपटासाठी जम्मू-काश्मीरच्या चित्रपट विकास परिषदेकडे लेखी परवानगीचा अर्ज करावा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारके, वनक्षेत्र आणि ड्रोन यांच्या परवानग्या वेगळ्या घ्याव्या लागतात. त्या हातात आल्याशिवाय प्रवासाची तिकिटे काढू नका, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात कोणती स्थळे खुली आहेत याची स्थानिक प्रशासनाकडून खात्री करून घ्या.