दोर्दोन्यच्या खोऱ्यात गटाने जाताना

नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात तुम्ही प्रथमच गटाबरोबर जात असाल, तर रोज नवे गाव आणि नवे हॉटेल असा कार्यक्रम मान्य करू नये. सार्ला येथे मुक्काम ठेवून आसपास फिरावे. तेथील बाजार बुधवारी व शनिवारी भरतो. अक्रोड आणि बकरीच्या दुधाचे चीज घ्यायचे असेल, तर सकाळी लवकर जावे.

माझ्या मते या भागातील सर्वांत मोलाचे म्हणजे प्रागैतिहासिक गुहाचित्रे. १९४० मध्ये सापडलेली लास्को गुहा, पर्यटकांच्या श्वासोच्छ्वासामुळे चित्रांना अपाय होऊ लागल्याने, १९६३ मध्ये बंद करण्यात आली. २०१६ पासून माँतिन्याक येथे तिची जवळजवळ संपूर्ण प्रतिकृती पाहता येते. ती उत्तम आहे, हे खरे. तरीही मूळ रंग पाहण्याची ओढ असेल, तर फाँ-द-गोम गुहेतील गव्यांची चित्रे चुकवू नयेत. तेथे एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश मिळत असल्याने गटाने आधीच आरक्षण करून तुकड्या पाडाव्यात आणि मागे राहणाऱ्यांना जवळच्या लेझेझी गावातील प्रागैतिहासिक संग्रहालय दाखवावे.

ला रोक-गाजाक या नदीकाठच्या गावाहून सपाट तळाच्या होडीतून नदीची फेरी अवश्य घ्यावी. इंग्लंड व फ्रान्समधील मध्ययुगीन शतवर्षीय युद्धात एकमेकांवर डोळा ठेवून असलेले बेनाक व कास्तेलनो हे समोरासमोरचे किल्ले मात्र एकाच दिवशी चढण्याचा हट्ट नको, एक पुरे.

खेड्यांतील उपाहारगृहांत दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन एवढ्याच वेळात मिळते आणि येथील स्वयंपाक बदकाच्या मांसावर व चरबीवर उभा असल्याने शाकाहारी सदस्यांची संख्या आदल्या दिवशीच कळवावी.