लुक्लाचं विमान दोन-तीन दिवस सुटलंच नाही तर काठमांडूत काय करावं?

एव्हरेस्ट बेसकँपला निघालाय, चालायला सुरुवात होते त्या लुक्लाचं विमान हवामानामुळे सुटलं नाही आणि अडकलो तर काठमांडूतले दिवस कसे घालवायचे, असं तुम्ही विचारलंय. पाटण, भक्तपूर, स्वयंभू आहेतच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. अडकलेले दिवस वर डोंगरात भरून काढू नका.

आम्ही तिघं होतो. दादा, वहिनी आणि मी. ओळीने तीन दिवस पहाटे पाचला सॅक वजनकाट्यावर टाकायच्या आणि अकराच्या सुमारास काउंटरवरचा मुलगा सांगायचा, "लुक्ला बन्द छ." बाहेर लख्ख ऊन, त्यामुळे दादाला ते पटेचना. पण लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. डोळ्यांनी दिसल्याशिवाय वैमानिक उतरत नाही, आणि दुपारी वारा सुटतो. सकाळ गेली की दिवस गेला.

त्या तीन दिवसांत दादाने थामेल या काठमांडूतल्या पर्यटकांच्या भागात जेवणाच्या बिलामागे नवं वेळापत्रक मांडलं. नामचे आणि दिंगबोचे या वाटेवरच्या गावांतला, उंचीची सवय व्हावी म्हणून ठेवलेला जादा मुक्काम कापला. म्हणे, काठमांडूत आराम झालाच आहे. अहो, काठमांडू 1,400 मीटरवर! तिथे महिनाभर बसलात तरी उंचीची सवय होत नाही. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम 500 मीटरहून जास्त चढवायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हे मी तेव्हाही त्याला सांगितलं होतं.

बेसकँपच्या अलीकडे, लोबुचेला वहिनी बुटाची नाडी हातात धरून नुसती बघत बसली. बांधायची कशी तेच तिला सुचेना. मग उलट्या, चालताना तोल जायला लागला. उंची बाधली होती. दादा म्हणाला, "झोपली की बरं वाटेल." मी आणि गाइडने तिला त्याच रात्री टॉर्चच्या उजेडात फेरिचेला उतरवलं. खाली येता येताच ती भानावर आली.

दादा अजूनही घरात चारचौघांत सांगतो, "विमानाने घात केला." विमानाने काही केलं नाही, दादा. परतीचं तिकीट पुढे ढकलायला तू तयार नव्हतास. पैसे वाचले आणि बेसकँप तिघांचाही राहिला.

तेव्हा परतीचं तिकीट किमान तीन दिवस सैल ठेवा. तेवढी रजा मिळत नसेल तर बेसकँप सोडा आणि नामचे-तेंगबोचे करून परत या. तोही सुंदर ट्रेक आहे. जीपने सल्लेरीपर्यंत जाऊन पुढे चालता येतं, पण त्यात दिवस वाढतात. हेलिकॉप्टरलाही ढग आडवे येतातच. आणि गर्दीच्या हंगामात विमानं बहुतेक रस्त्याने काही तासांवरच्या रामेछापहून सुटतात, म्हणजे काठमांडू मध्यरात्रीच सोडावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा तसं नव्हतं.

फिरायचंच असेल तर संध्याकाळी बौद्धनाथला जा. दिवे लागले की लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, त्यांच्यात मिसळून चाला. वहिनीला तिथून उठवत नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही दोघीच पुन्हा जातोय, चार दिवस हातचे ठेवून.