राउटर स्वतःहून फोन कधी लावायचा आणि कधी ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की, जुन्या राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'डायलर-लिस्ट', 'डायलर मॅप', 'आयडल-टाइमआउट' अशा ओळी सापडल्या. दोन ऑफिसांमधली लाइन कायम जोडलेली नसायची, तर आता फोन लावायला हवा हे राउटरला कळायचं कसं? २००१ च्या सुमारास मी पुण्यात हेच काम करत होतो. सिस्कोचे २५०३ राउटर, त्यांच्या मागे आयएसडीएनची (डिजिटल टेलिफोनची) लाइन आणि नाशिकसारख्या ठिकाणच्या शाखा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाखेतल्या पीसीने पुण्याच्या सर्व्हरला एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवलं असं धरा. राउटर नेहमीप्रमाणे रूटिंग टेबल, म्हणजे कुठलं नेटवर्क कुठल्या वाटेने याची यादी, बघतो. तिथे आपण हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट असतो: पुण्याचं नेटवर्क आयएसडीएनच्या इंटरफेसकडे (राउटरला लाइन जोडतात त्या पोर्टकडे). आता लाइन तर जोडलेली नाही, मग हा रूट टेबलात टिकतो कसा? त्यासाठी तो इंटरफेस, प्रत्यक्षात कॉल चालू नसतानाही, आपण चालू असल्याचं राउटरला भासवतो. स्थिती बघितली तर 'अप' च्या पुढे 'स्पूफिंग' असं लिहिलेलं दिसतं. नवीन मुलं हे बघून लाइन जोडलेलीच आहे असं समजायची आणि तासभर भलतीकडेच दोष शोधायची.

पॅकेट त्या इंटरफेसपाशी आलं की डायलर-लिस्टची पाळी. हे पॅकेट फोन लावण्याच्या लायकीचं आहे का, एवढंच ती ठरवते. आमच्या भाषेत 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक'. पॅकेट लायक असेल तर डायलर मॅपमधून पुढच्या राउटरच्या आयपी पत्त्यासमोरचा फोन नंबर उचलायचा आणि लावायचा. लायक नसेल आणि लाइन बंद असेल, तर पॅकेट तिथेच टाकून द्यायचं.

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून थांबून सांगतो. डायलर-लिस्टमध्ये नाकारलेलं पॅकेट अडवलं जात नाही. दुसऱ्या कुणाच्या कामासाठी लाइन आधीच जोडलेली असेल तर तेही खुशाल पलीकडे जातं. फक्त त्याच्यासाठी फोन लागत नाही, आणि ते गेलं म्हणून फोन ठेवण्याचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. हे घड्याळ म्हणजेच आयडल-टाइमआउट. सिस्कोमध्ये ते न बदलता ठेवलं तर १२० सेकंदांचं असतं. इतका वेळ लायक पॅकेट गेलं नाही, की राउटर फोन ठेवतो. दोन्ही टोकांचे राउटर आपापलं घड्याळ चालवतात, त्यामुळे ज्याचं आधी संपेल तो कॉल तोडतो. एका बाजूला वेळ बदलून दुसरीकडे बदलायला विसरलात तर मध्येच लाइन तुटल्याची तक्रार येणारच.

आता प्रत्यक्ष कॉल. साध्या आयएसडीएन जोडणीत ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनल आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनल असतो. नंबर लावणं, पलीकडून उचलणं, तोडणं हे सगळं डी चॅनलवरून होतं, माहिती बी चॅनलवरून जाते. कॉल लागला की दोन्ही राउटर पीपीपीने (दोन टोकांमध्ये बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) बोलू लागतात आणि तिच्यातल्या चॅपने एकमेकांची ओळख पटवतात. यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. पलीकडून आलेल्या यादृच्छिक आकड्याबरोबर पासवर्डचा एमडी५ हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असा सांकेतिक आकडा) काढून तेवढाच पाठवला जातो. राउटरचं नाव आणि समोरच्याने लिहून ठेवलेलं नाव यांत एका अक्षराचा जरी फरक असला तरी कॉल लागतो आणि लगेच तुटतो. असे कॉल बिलात मात्र चढतात. आयएसडीएनवर हे सगळं एखाद-दोन सेकंदांत उरकायचं. साध्या मोडेमला तोच वेळ अर्धा मिनिट लागे, म्हणून तिथे पहिली पॅकेटं रांगेत धरून ठेवायची सोय वापरावी लागायची. टीसीपी, म्हणजे पॅकेटं पोचवायची पद्धत, हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतं, म्हणून बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला फक्त स्क्रीन क्षणभर अडल्यासारखा वाटायचा.

एका ग्राहकाच्या शाखेचं बिल एका महिन्यात अचानक फुगलं. शाखा संध्याकाळी बंद व्हायची, पण कॉलच्या यादीत मध्यरात्रीचे, पहाटेचे, रविवारचेसुद्धा कॉल होते, आणि तेही सगळे एसटीडी, म्हणजे बाहेरगावचे. मी एका संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. सगळे घरी गेले, लाइन तुटली. थोड्या वेळाने राउटरने आपणहून फोन लावला. 'शो डायलर' ही आज्ञा दिली की 'डायल रीझन' अशी एक ओळ येते. कुठल्या पत्त्याकडून कुठल्या पत्त्याकडे जाणाऱ्या पॅकेटमुळे कॉल लागला, ते त्यात असतं. पाठवणारा पत्ता निघाला मागच्या खोलीतल्या एका पीसीचा, जो कधी बंदच केला जात नव्हता. त्यावर पुण्याच्या सर्व्हरवरचं एक फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवलेलं होतं, आणि विंडोज त्या सर्व्हरचं नाव विचारायला वारंवार पुण्याच्या विन्स सर्व्हरकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) यूडीपी १३७ या पोर्टवर पॅकेट पाठवत होतं. आमच्या डायलर-लिस्टमध्ये 'सगळं आयपी चालेल' एवढी एकच ओळ होती. राउटरने सांगितल्याप्रमाणेच काम केलं होतं. चूक यादी लिहिणाऱ्या आमची.

दुसऱ्या दिवशी मी शाखेत विचारलं, हे फोल्डर कोण वापरतं? कुणीच नाही. मग डायलर-लिस्टमध्ये यूडीपी १३७, १३८ आणि टीसीपी १३९ हे विंडोजचे पोर्ट नाकारले आणि त्यांच्याखाली बाकीच्या आयपीला परवानगी दिली. ती खालची ओळ विसरू नका, कारण यादीच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच. ती नसेल तर फोन कधीच लागणार नाही. त्या रात्रीपासून शाखा बंद असताना एकही कॉल गेला नाही.

अशी पॅकेटं ओळखायची सवय लागली की बिल आटोक्यात येतं. रिप, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रूट कळवायचा एक प्रोटोकॉल, दर ३० सेकंदांनी रूटची यादी पाठवतं. ते लायक ठरलं तर १२० सेकंदांचं घड्याळ कधी संपणारच नाही. म्हणूनच अशा लाइनवर रूटिंग प्रोटोकॉल बंद ठेवून स्टॅटिक रूट लिहायचे. घड्याळ जुळवणारं एनटीपी सुरुवातीला ६४ सेकंदांनी विचारणा करतं, तेही तितकंच घातक. ओएसपीएफ या दुसऱ्या रूटिंग प्रोटोकॉलला तर यासाठी 'डिमांड सर्किट' नावाची वेगळी सोयच करावी लागली, ज्यात शेजारी राउटर सतत एकमेकांना हाक मारायचं थांबवतात.

आयडल-टाइमआउट किती ठेवावा, यावर माझं मत ठाम आहे: तो टेलिफोनच्या पल्सकडे (जेवढ्या वेळाला एकदा पैसे लागतात त्या टप्प्याकडे) आणि माणसांच्या कामाकडे बघून ठरवावा. तेव्हा स्थानिक कॉलची पल्स तीन मिनिटांची होती. पल्सचे पैसे भरून झाल्यावर दोन मिनिटांत फोन ठेवण्यात काहीच बचत नव्हती. लांबच्या एसटीडीवर पल्स छोटी, तिथे घड्याळही छोटं हवं. पण फार छोटं केलं तर काउंटरवरचा माणूस दोन नोंदींच्या मध्ये पासबुक बघेपर्यंत लाइन तुटते आणि पुढच्या नोंदीला पुन्हा कॉल. मी काउंटरजवळ उभा राहून दोन नोंदींमधला वेळ मोजायचो आणि मगच आकडा टाकायचो. तसंच दुसरा बी चॅनल कधी जोडायचा हे १ ते २५५ च्या 'लोड-थ्रेशोल्ड'वर ठरतं. १२८ म्हणजे साधारण निम्मा भार. वेग १२८ केबीपीएस होतो खरा, पण तो दुसरा कॉल असतो आणि त्याचं बिलही वेगळं.

तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये पुण्याच्या त्याच नेटवर्कचा एक स्टॅटिक रूट शेवटी २०० सारख्या आकड्यासह दिसला, तर तिथे डायलअप ही राखीव लाइन होती. हा आकडा म्हणजे रूटचं 'अंतर'; ज्याचं कमी, तो रूट जिंकतो. साध्या स्टॅटिक रूटचं अंतर १, ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०. लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली, कायम जोडलेली लाइन) चालू असेपर्यंत तिचा रूट जिंकतो. ती पडली की तो टेबलातून निघून जातो, २०० वाला वर येतो आणि पुढच्या लायक पॅकेटला फोन लागतो.

आणि ओळी पुसण्याआधी इंटरफेसचं नाव बघा. तिथे 'बीआरआय' असेल तर ते जुनं आयएसडीएन. पण 'सेल्युलर' असेल तर सांभाळा: सिमकार्डवरच्या राखीव जोडणीसाठीही सिस्कोने हीच डायलर-लिस्ट वापरली आहे, आणि तुमची मुख्य लाइन पडेल तेव्हा ऑफिस याच ओळींवर चालेल.